कालवडीच्या गोष्टीचं शेवटचं वाक्य

सर,

तुम्हाला फोटो काढून घ्यायला कधी आवडलं नाही. बॅचच्या निरोपाच्या फोटोतसुद्धा तुम्ही मागच्या रांगेत, अर्धे कुणाच्या तरी खांद्याआड. आता लातुरात क्लासच्या चौकात तुम्ही दोन मजले उंच उभे आहात. अंगावर तुम्ही कधी न घातलेला कोट आहे, तो संगणकावर चढवलाय. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, त्याखाली क्लासचं नाव, आणि उजव्या कोपऱ्यात ती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची कालवड. एसटी वळताना मी खिडकीतून ते पाहिलं. रडू आलं नाही. तुमचं तोंड त्या फोटोत किंचित उघडं आहे. मला वाटलं, तुम्ही वाक्य अर्धं सोडून आमच्याकडे बघताय आणि ते आम्ही पूर्ण करू म्हणून थांबलाय.

कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, वार्षिकांकासाठी शमुवेल सरांवर लिही. जन्म कुठला, शिक्षण काय, हाताखालची किती मुलं डॉक्टर झाली. मी बसले, पण जमेना. ते सगळं त्या फलकावर आहेच. मला तुमच्याशी बोलायचंय. आपलं एक भांडण राहिलंय. ते राहिलेलं असतानाच तुम्ही गेलात, हे मला अजून पटत नाही.

ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांच्यासाठी तुमची ती सवय आधी सांगते. तुम्ही बॉटनी शिकवायचात आणि वाक्याचा शेवटचा शब्द कधीच बोलायचा नाहीत. “पानातून पाण्याची वाफ बाहेर पडून राहिली. ह्याला म्हणायचं—” असं म्हणून खडू हवेत धरायचात. मग भरलेला हॉल एका दमात ओरडायचा, “ट्रान्सपिरेशन!” मी निलंग्याकडच्या पुनर्वसनाच्या गावातून आलेली. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. इंग्रजी शब्द तोंडात आला की जीभ जड व्हायची. पहिले काही आठवडे मी नुसते ओठ हलवले. मग एक दिवस त्या गर्दीत माझा आवाज निघाला आणि मलाच ऐकू आला. पुढं कधीतरी मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “एकट्याला उभं केलं की पोर थिजतं. समद्यांत मिसळून बोललं की त्याला वाटतं, आपल्याला येतंय. अन वाटलं की येतंच.”

ही सवय मी मुद्दाम सांगून ठेवतेय. सगळं तिथंच येऊन थांबतं.

तुमच्याशी वर्गाबाहेर बोलायला लागले ती रझियाचाचींच्या मेसमध्ये. क्लासच्या भिंतीला लागून त्यांची चिमूटभर जागा होती, वर भूकंपाच्या शेडचे पत्रे. त्यांचं सगळं घर भूकंपाच्या त्या पहाटे गेलं होतं. एकट्या उरल्या. भरपाईतून त्यांनी ही जागा घेतली आणि गावातले पत्रे टेम्पोत घालून आणले. पत्र्यांवर सरकारी नंबर तसेच होते. मी जेवताना वर बघायची. आम्हीही तसल्याच पत्र्यांखाली राहिलो होतो. मी तेव्हा शाळेत नुकतीच जायला लागले होते, पूनम आईच्या कडेवर होती. उन्हाळ्यात आई पत्र्यावर पाणी मारायची आणि ते सुंई करून उडून जायचं. चाचींच्या मेसमध्ये तोच आवाज यायचा. मला तिथं घरी आल्यासारखंही वाटायचं आणि भीतीही वाटायची.

तुम्ही तिथं रोज दुपारी यायचात. चाची म्हणायच्या, “आव सर. आज वांगी हाय. तुमच्या त्या नबी लोकांना चालतंय का बघा.”

“माझ्या नबी लोकांना जेवायला कुणी बोलावत नव्हतं, भाभी. बोलावलं तर तेच यजमानाला शिव्या घालून उठायचे.”

ते नबी म्हणजे तुमच्या शास्त्रातले, बायबलातले संदेष्टे. ‘संदेष्टा’ हा शब्द मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं भविष्य सांगणारे. क्लासच्या गेटवर रिझल्टच्या दिवसांत एक पोपटवाला बसायचा आणि भली भली पोरं त्याच्यापुढं उकिडवी बसलेली असायची.

“म्हणजे ज्योतिषीच ना सर?” मी विचारलं.

“पोपटवाला ज्योतिषी. तो रिझल्ट सांगतो. संदेष्टा हजेरी घेतो.”

“कुणाची?”

“राजाची. गादीवर बसून राहिलास खरा, पण हाजिर हायेस का, असं विचारतो.” मग भाकरीचा तुकडा मोडत हसलात. “माझ्या नावाचा एक म्हातारा होता. लोक त्याच्याकडं गेले, आम्हाला राजा पायजे म्हणले. त्यानं समजावलं, बाबांनो, तो तुमची पोरं रथामागं पळवील, चांगली शेतं आपल्या माणसांना वाटील, मग बोंबलाल. लोक म्हणले, तरी बी पायजे. आता बघ, माझं नाव शमुवेल अन मी चाकरी कुठं करून राहिलो?”

चाची चुलीपासून म्हणाल्या, “भिंतीच्या त्या अंगाला.” आणि आपण तिघं हसलो.

आमोस तुमचा सगळ्यांत आवडता. तो संदेष्ट्यांच्या घराण्यातला नव्हता, गुरं राखायचा आणि उंबराची फळं काढायचा. तुमचे वडील देवणीचे, जन्मभर दुसऱ्याची गुरं सांभाळलेले. “आमोस आपल्या देवणीकडचाच असणार,” तुम्ही म्हणायचात, “शास्त्रात पत्ता चुकलाय.” तो गुराखी शेजारच्या राज्यात जाऊन मोठ्या घरच्यांना तोंडावर म्हणाला, की चपलांच्या एका जोडापायी तुम्ही गरिबाला विकता. तिथल्या देवळाच्या मुख्य पुजाऱ्यानं त्याला सांगितलं, हे राजाचं देऊळ आहे, तू तुझ्या गावी जाऊन बोल. वर्गात उंबर शिकवताना तुम्ही फळ मधोमध फोडून दाखवायचात. बाहेरून एक फळ, आत शेकडो फुलं बंद. त्या दिवशी तुम्ही आमोसचं नाव घेतलं नाहीत, पण माझ्याकडे बघून हसलात.

त्याच्या देशातही भूकंप झाला होता. लोक त्यावरून वर्षं मोजायचे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझा घास थांबला. आमच्याकडेही तसंच मोजतात. लग्न भूकंपाआधीचं की नंतरचं, म्हैस घेतली ती आधी की नंतर. मी जरा जोरातच विचारलं, “म्हणजे तुमच्या देवानं पापी लोकांवर भिंती पाडल्या? माझ्या काकानं काय पाप केलं होतं? ह्या चाचींच्या लेकरांनी काय केलं होतं?”

चाचींच्या हातातली पळी थांबली. तुम्ही ताट बाजूला सारलंत.

“जमीन हलली त्यात न्याय नव्हता, पोरी. जो कुणी होता म्हणेल, त्याच्या घरचं पाणी पिऊ नको. न्याय व्हायचा होता तो पत्रे वाटताना. घरं वाटताना. तिथं माणूस होता, तिथं त्याला करता आला असता.”

“मग तुमच्या आमोसचं काय करायचं?”

“ते मला बी कळलं न्हाई अजून,” तुम्ही म्हणालात. एका शिक्षकाच्या तोंडून मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसापासून मी तुमच्यावर विश्वास ठेवला.

आता भाऊसाहेब. ते वाईट माणूस होते असं मी लिहिणार नाही, कारण मला तसं वाटत नाही आणि तुम्हालाही वाटत नव्हतं. क्लासचे मालक, पण भूकंपानंतर स्वतः टेम्पो चालवत आमच्या गावात ब्लँकेटं घेऊन आलेले. आई अजून सांगते. एका खोलीत ट्यूशन घ्यायचे, तिथपासून तीन इमारती उभ्या केल्या. तुम्ही शब्द टाकलात की भूकंपग्रस्त गावांतल्या मुलांना फी माफ करायचे. मी अशीच शिकले. पुढं पूनमलाही त्यांनी तसंच घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी पटकन यायचं, आणि ते खरं असायचं.

त्यांना चाचींची जागा हवी होती. निवडक मुलांच्या बॅचसाठी वसतिगृह बांधायचं होतं आणि गाड्या लावायला जागा कमी पडत होती. चाची नको म्हणाल्या. कुणी त्यांच्या अंगाला हात लावला नाही, कुणी आवाज चढवला नाही. क्लासच्या लाइनवरून त्यांना पाण्याचा नळ होता, तो दुरुस्तीसाठी बंद झाला आणि बंदच राहिला. मग नोटीस लागली, की आरोग्याच्या कारणास्तव विद्यार्थ्यांनी बाहेरच्या मेसमध्ये जेवू नये, जेवल्यास प्रवेश रद्द. पोरं भिंतीवरून डबे मागवायची, तेही थांबलं. चाची रिकाम्या पत्र्याखाली बसून राहायच्या.

त्याच आठवड्यात गुणगौरव सोहळा होता, पाहुणे म्हणून एक मंत्री आले होते. तुम्ही क्लासमधले सगळ्यांत जुने शिक्षक, म्हणून मनोगत तुमचं. आम्ही फी माफीची मुलं पुढच्या दोन रांगांत बसलो होतो. भाऊसाहेबांना पाहुण्यांना दाखवायला आवडायचं.

तुम्ही कुणाचे आभार मानले नाहीत. “एक गोष्ट सांगतो,” म्हणालात.

दावीद राजाची गोष्ट. राजानं आपल्या एका शिपायाची बायको घेतली आणि शिपायाला मरायला पुढं पाठवलं, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला. त्यानं आधी राजाला दोष दिला नाही, एका मेंढीची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाला, ‘तो माणूस तूच.’ राजानं मान खाली घातली. हे मला ठाऊक होतं, तुम्ही मेसमध्ये सांगितलं होतं. त्या दिवशी तुम्ही राजाचं नाव काढलं नाहीत. मेंढीची कालवड केलीत, आणि ती देवणी.

“एका गावात दोन माणसं. एकाचा गोठा भरलेला, मोजायला गडी लागायचे. दुसऱ्याकडं एकच कालवड. विकत घेतलेली. त्याच्या ताटातला भाकरीचा तुकडा खायची, लेकरांसंगं निजायची. भरल्या गोठ्याच्या घरी मंत्री आले. मंत्र्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? ह्या माणसाला आपल्या गोठ्यातलं एक दावं सोडवंना. त्यानं माणसं पाठवली, त्या गरिबाची कालवड सोडून आणली, तिला हार घातला अन पाहुण्याला दिली.”

हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. तुम्ही माइकजवळ झुकलात.

“अन तो माणूस म्हणजे—”

आणि थांबलात. हात हवेत, खडू नसलेला. मला चांगलं आठवतं, सगळ्या हॉलनं श्वास आत घेतला होता. आम्हाला ती सवयच होती. तुम्ही जागा सोडली की आम्ही भरायची. उत्तर आमच्या ओठांवर होतं. चाचींची बंद पडलेली मेस आम्ही रोज बघत होतो.

पण भाऊसाहेब उठले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, “मी! तो गरीब माणूस म्हणजे मी! सर, तुम्ही माझं काळीज उघडं केलंत. पुण्या-मुंबईचे, परराज्यातले बडे क्लासवाले आज लातुरात येऊन राहिले. त्यांचे गोठे भरलेत. माझी ही एकच कालवड, ती बी त्यांना पायजे!”

टाळ्या थांबेचनात. मंत्रीसुद्धा उभे राहिले. भाऊसाहेबांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून तुमच्या खांद्यावर घातली आणि तुम्हाला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून तुमचा चेहरा आमच्याकडे होता. तुम्ही पुढच्या दोन रांगांकडे बघितलंत. तुमचे ओठ हलले, मी पहिल्या आठवड्यांत हलवायची तसे. मग तुम्ही खाली बसलात.

कालवड फलकांवर आली. ‘आपल्या मातीतला, आपला क्लास.’ निवडणुकीतल्या भाषणातही आली म्हणतात. चाचींनी जागा विकली. भाऊसाहेबांनी भाव पाडला नाही, उलट घराघरात सांगितलं की एकट्या बाईला मी चार पैसे जास्तच दिले. चाची नांदेडला बहिणीकडे गेल्या. ते सत्र संपल्यावर तुम्हीही क्लास सोडलात आणि नांदेडला आलात. मला मेडिकल मिळालं नाही, मी बीएस्सीला नांदेडलाच आले. चाचींनी पुन्हा मेस काढली, ह्या वेळी भाड्याच्या दोन खोल्यांत, पत्र्याऐवजी स्लॅब. मी तिथंच राहायला लागले. आपण तिघं परत एका ताटाभोवती आलो आणि आपलं भांडण सुरू झालं.

मी किती वेळा विचारलं असेल, “सर, तुम्ही का थांबलात?”

कधी तुम्ही म्हणायचात, “सवय गं. शेवटचा शब्द पोरांसाठी सोडायची सवय.” कधी म्हणायचात, “नाथानाचं नशीब बरं. त्याच्या राजाला लाज होती.” एकदा चिडलात आणि म्हणालात, “मला वाटलं त्याचं त्याला कळंल. रडका माणूस हाय, कळंल वाटलं.”

त्यावर चाची हळूच म्हणाल्या होत्या, “आमच्यात बी हाय ही गोष्ट. हजरत दाऊदची. मेंढ्यांचा झगडा घेऊन दोघं येतात. नबीबद्दल आमच्यात वाईट बोलत न्हाईत. पण आमच्या गोष्टीत त्यांना कुणी ‘तू’ म्हणत न्हाई. त्यांचं त्यांनाच उमगतं, अन ते माथा टेकून सिजद्यात जातात.”

तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. “म्हंजे भाभी, मी गोष्ट माझी सांगितली अन शेवट तुमचा धरून बसलो.”

“आमचा शेवट नबीसाठी हाय, सर. क्लासवाल्यासाठी न्हाई.”

आपण हसलो, पण माझं समाधान झालं नाही. शेवटच्या वेळी भेटलो तेव्हा मी जे बोलले ते मला पुसता येत नाही, आणि खरं सांगते, मला ते चुकीचंही वाटत नाही. मी म्हणाले, “सर, कळेल की नाही हे सांगितल्याशिवाय कसं कळणार? नाथानानं वाक्य पूर्ण केलं. तुम्ही केलं नाहीत.” तुम्ही चपला घालत होतात. पट्टा लावता लावता थांबलात. काहीतरी सांगणार होतात. मग नुसतं म्हणालात, “पूनमचं बरं चाललंय ना क्लासात?” मला वाटलं, विषय बदलला. मी चिडून हो म्हणाले. तुम्ही मान हलवून जिना उतरलात. त्या जिन्यावर अजून चपलांचा आवाज आला की मी उठून दार उघडते. भाडेकरू असतो.

तुम्हाला मातीत ठेवलं त्या दिवशी चाची कबरस्थानाच्या भिंतीपाशी माझ्याशेजारी उभ्या होत्या. चर्चचे पाळक प्रार्थना करत होते. चाची पदराआडून म्हणाल्या, “तू त्याला लई छळलंस, बेटा, त्या एका गोष्टीपायी.”

मी भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिले.

“मी बी विचारलं होतं. जागा माझी गेली होती, हक होता माझा. त्यानं मला सांगितलं अन तुला सांगायचं न्हाई म्हणून कसम घातली. आता कसम घालणाराच न्हाई राहिला.” त्यांनी नाक पुसलं. “तो म्हणाला, भाभी, शब्द ओठावर आला होता. पण समोर दोन रांगा भरून ती फुकटवाली पोरं बसली होती. माझ्या शब्दावर घेतलेली. मी बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी त्यांचं दप्तर बाहेर. त्यात ती मंगल, आत्ता कुठं तोंड उघडायला लागली होती.”

मंगल म्हणजे मी, सर.

म्हणजे ते वाक्य तुम्ही माझ्यासाठी गिळलंत आणि मी तीन वर्षं तुम्हाला विचारत राहिले, का गिळलंत. तुम्ही सवयीचं कारण दिलंत, राजाच्या लाजेचं दिलंत, खरं तेवढं दिलं नाहीत. मला तुमचे आभार मानायचे आहेत आणि मला तुमच्यावर ओरडायचंही आहे. मी मोठी झाले होते. मला सांगायला हवं होतं. त्या दिवसापासून तुमचे ते हललेले ओठ माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. मी वाचायला बसले की पानावर येतात.

नंतर भाऊसाहेबांचा फोन आला. खूप रडले. “शोकसभा आपल्याच हॉलमध्ये. बेटा, तू सरांची लाडकी. ती कालवडीची गोष्ट तू सांग. त्यांच्यासारखी कुणाला जमणार न्हाई, पण तू सांग.”

मी हो म्हणाले. मग लातूरला पूनमच्या खोलीवर गेले. ती बारावीत, भाऊसाहेबांच्याच क्लासात, तुमच्याच जुन्या शब्दावर. मी तिला सगळं सांगितलं, तुम्ही का थांबलात तेही. म्हणाले, “मी ती गोष्ट शेवटापर्यंत सांगितली तर तुझं काय होईल, तुला ठाऊक आहे. तू नको म्हणालीस तर मी अर्धी सांगून खाली बसेन.”

पूनम माझ्यासारखी नाही. ती कधी ओठ हलवत बसली नाही. म्हणाली, “तू बोलणार असशील तर मला आधी माझे टेस्टचे पेपर आणू दे. नंतर द्यायचे न्हाईत ते.”

“पूनम, हसण्यावारी नेऊ नको.”

“मग काय करू? ताई, सरांनी तुझ्यासाठी गप्प बसायचं, तू माझ्यासाठी गप्प बसायचं, मी उद्या कुणासाठी बसू? आईच्या नावानं बसू का?” मग जरा वेळानं, वही चाळत, “भीती वाटतीया. पण बोल तू.”

हॉल तोच. मंचावर खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या मागं भिंतभर तुमचा फलक, कोट घातलेला. मुलांना सक्तीनं आणलं होतं. भाऊसाहेब मधल्या खुर्चीत. मी माइकसमोर उभी राहिले. मला भाषणाची सवय नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी गोष्ट तुमच्याच शब्दांत सांगितली. भरलेला गोठा, एकच कालवड, ताटातला भाकरीचा तुकडा. फक्त एवढंच वाढवलं, की ती कालवड भूकंपाच्या भरपाईतून घेतलेली होती. मंत्री आले. दावं सुटलं. हार घातला.

“आणि तो माणूस म्हणजे—”

हे माझ्या तोंडून आपोआप आलं. मी थांबलेही. आणि सर, सगळ्या हॉलनं श्वास आत घेतला. तुम्हाला कधीही न पाहिलेली मुलं, तरी तोच श्वास. भाऊसाहेबांचे डोळे भरलेले होते आणि त्यांचा हात माइककडे अर्धा उचललेला होता.

मी जागा सोडली नाही.

“तुम्ही,” मी म्हणाले. “भरल्या गोठ्याचा माणूस तुम्ही आहात, भाऊसाहेब. कालवड रझियाचाचींची होती. सरांना त्या दिवशी हेच म्हणायचं होतं.”

आवाज बारीक होता, पण माइक चांगला होता.

भाऊसाहेब रागावले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील, माइक बंद करतील. त्यांनी मान वळवली आणि मागं बघितलं. मी कुणाशी बोलतेय ते बघायला. आपल्या पाठीमागं कुणी बसलंय का ते बघायला.

मागं कुणी नव्हतं. तुम्ही होतात. भिंतभर, तोंड किंचित उघडं.

ते किती वेळ तसे वळून राहिले, सांगता येत नाही. परत समोर वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. त्याला लाज म्हणावं का, मला ठामपणे म्हणता येत नाही. तुम्ही असतात तर तुम्हाला ओळखता आलं असतं. मग सूत्रसंचालकानं माइक ओढला आणि म्हणाला, यानंतर दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या. सगळे उभे राहिले. भाऊसाहेब जरा उशिरा उभे राहिले.

सोमवारी पूनम क्लासला गेली तेव्हा ऑफिसातल्या माणसानं तिचं ओळखपत्र मागून घेतलं आणि सांगितलं, भूकंपाची सवलत ह्या वर्षापासून बंद. इतक्या वर्षांनी भूकंप संपला सर, ह्याच सोमवारी. हे भाऊसाहेबांनी सांगितलं की त्यांना कळायच्या आधी त्यांच्या माणसांनी केलं, मला ठाऊक नाही. नोटिशीवर सही नव्हती. पूनम टेस्टचे पेपर पिशवीत घालून नांदेडला आली. चाची म्हणाल्या, “आता माझ्या मेसात दोन्ही पोरी. जेवल्यास प्रवेश रद्द न्हाई.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आमोसचं काय करायचं, ते मलाही कळलेलं नाही. राजाला लाज होती का, तेही नाही. आपलं भांडण मी जिंकले असंही मला वाटत नाही. तुम्ही त्या दिवशी बोलला असतात तर मी आज माइकसमोर उभी राहू शकले नसते, हे मला दिसतं. तुम्ही बोलायलाच हवं होतं, हेही दिसतं. दोन्ही खरं आहे. हे तुम्हाला सांगायचं होतं, आणि जिन्यावर भाडेकरूच येतो.

हे लिहितेय तेव्हा पूनम आतल्या खोलीत बॉटनी पाठ करतेय. मोठ्यानं, तुमच्यासारखं. तिला तुम्ही कधी शिकवलं नाहीत, ही सवय तिनं माझ्याकडून घेतली. “उंबराच्या आत फुलं बंद असतात, ह्या फुलोऱ्याला म्हणायचं—” आणि ती थांबते. रोज मी इथून उत्तर देते.

आत्ता ती थांबलीय. मला उत्तर येतं. तरी मी क्षणभर गप्प बसलेय, न जाणो, तुम्ही बोलाल.